सेवेचे वतन : परिचारिकेचा ताण आणि आपली भाषा

मराठीत नर्सला आपण 'परिचारिका' म्हणतो आणि तिच्या कामाला 'शुश्रूषा' किंवा 'परिचर्या'. हे शब्द इतके रुळले आहेत की ते कोठून आले हे कोणी विचारीत नाही. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात चार वर्णांची कामे वाटून दिलेली आहेत. ब्राह्मणाला अध्ययन-अध्यापन, क्षत्रियाला रक्षण, वैश्याला शेती-व्यापार. शूद्राला मात्र एकच काम दिले आहे आणि त्याचे नाव 'शुश्रूषा' आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मांची अशीच वाटणी आहे. तेथे शूद्राच्या वाट्याला आलेल्या कर्माचे नाव 'परिचर्या' आहे, आणि ते त्याच्या स्वभावातूनच आले आहे असे सांगितले आहे. म्हणजे आज रुग्णालयाच्या पाटीवर आणि नर्सिंग महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रावर जे दोन शब्द सन्मानाने छापले जातात, ते दोन्ही शब्द वर्णव्यवस्थेने चौथ्या वर्णाच्या कामासाठी वापरलेले आहेत.

पाट्या रंगविणाऱ्यांनी मनुस्मृती उघडून हे शब्द काढले असा माझा आरोप नाही. तसे करण्याची गरजच पडत नाही. संस्कृतीच्या कोठारात ज्या कामासाठी जो शब्द ठेवलेला असतो, तोच हाती लागतो. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. आज्ञा ऐकण्याची आणि पाळण्याची तयारी. मनूने त्याला आणखी एक अट जोडली आहे. ही सेवा असूया न बाळगता करावयाची. नुसते राबून भागत नाही, मनातही कुरकुर येऊ द्यावयाची नाही. शूद्राच्या हातांवर मालकी सांगणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या मनावरही मालकी सांगितली, ती या एका अटीने.

परिचारिकांच्या मानसिक ताणाविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. शिबिरे भरतात, योगासने आणि ध्यान शिकविले जाते, सकारात्मक विचार कसा करावा यावर व्याख्याने होतात. या सर्व चर्चेत ताण हा त्या बाईच्या मनात उत्पन्न झालेला दोष समजला जातो. मला येथे वेगळे म्हणावयाचे आहे. तिचा ताण तिच्या कामाच्या रचनेतून निर्माण होतो. ती रचना जातिव्यवस्थेने घडविलेल्या सेवेच्या कल्पनेवर उभी आहे. आणि आपण तिच्यावर जी स्तुतिसुमने उधळतो, ती स्तुती त्या रचनेला टिकवून धरते. या लेखात ही स्तुती तपासावयाची आहे, कारण ती आपल्या साहित्यात आहे, सिनेमात आहे, न्यायालयाच्या निकालात आहे आणि आपल्या चळवळीच्या भाषेतही आहे.

*

एरंडोल हे रस्त्यावरचे गाव आहे. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगावला जाणारा राष्ट्रीय महामार्ग पूर्वी ६ क्रमांकाचा होता, आता ५३ क्रमांकाचा आहे. रस्त्यावर अपघात झाला की माणसे रुग्णालयात येतात. कपाशीवरील फवारणीच्या दिवसांत विषबाधा झालेला मजूर येतो, पावसाळ्यात साप चावलेला येतो. अडलेली बाळंतीण बारा महिने येते आणि पुष्कळदा रात्रीच येते. आमच्या या भागात रात्रपाळीची नर्स काय करते, हे नातेवाईक म्हणून एखादी रात्र काढल्याशिवाय कळत नाही.

काही वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात जिल्ह्यातील एका रुग्णालयात मी चार रात्री काढल्या. दोन वॉर्ड मिळून चाळीसच्या आसपास रुग्ण होते आणि रात्री नर्स एकच होती. सलाईन संपले की तिला हाक, ताप चढला की हाक. डॉक्टरांना फोन तीच करी. औषधांची नोंद, जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, सगळी रजिस्टरे तिच्याच टेबलावर. तिसऱ्या रात्री एक भिल्ल बाई बाळंतपणासाठी आली. ती कळांनी ओरडू लागली तेव्हा ही नर्स तिच्यावर खेकसली. तिच्या अंगाच्या वासाबद्दल, तिच्या पोरांच्या संख्येबद्दल जे बोलली ते येथे लिहिण्यासारखे नाही. मी संतापलो. सकाळी, पुढच्या पाळीच्या नर्सला ओव्हर देऊन झाल्यावर, ती माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. रात्रीचा विषय मी काढण्यापूर्वीच ती म्हणाली, "मना जीव थकी गया, भाऊ." छातीवरच्या बिल्ल्यावरचे आडनाव वाचून मी गाव विचारले. ती आपल्यातलीच निघाली. बाप जन्मभर सालदार होता आणि शिकून नोकरीला लागलेली घरातली ती पहिली मुलगी होती.

मी तरीही तक्रारीचा अर्ज दिला. त्याविषयी पुढे सांगतो.

रुग्णांच्या संख्येविषयी भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावी, आणि रजेवर जाणाऱ्यांची सोय म्हणून ३० टक्के जादा पदे असावीत, असे ते मानक सांगते. हे मानक आणि ती रात्र शेजारी शेजारी ठेवली म्हणजे 'ताण' या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

*

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करावी असे ते बिल होते. वतनदार महाराचे काम ठरलेले नव्हते आणि वेळही ठरलेली नव्हती. तो चोवीस तास सरकारचा आणि गावाचा बांधील होता. तो घरी नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाने हजर व्हावयाचे. मोबदला तुटपुंजा आणि बाकीचे बलुते म्हणून दारोदार मागावयाचे. या सर्वांच्या बदल्यात त्याला काय मिळत होते? मान मिळत होता. बावन्न हक्कांची कथा मिळत होती. या मानाचा अभिमान बाळगणारे आपल्यातही होते, आणि म्हणून बाबासाहेबांना विरोध बाहेरून झाला तसा आतूनही झाला. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली.

नर्सची नोकरी म्हणजे महारकी नव्हे. सरकारी नर्सला नियमित वेतन आहे, निवड परीक्षेने होते, आणि आरक्षणामुळे आपल्या कितीतरी मुली त्या पगारावर उभ्या राहिल्या हे विसरता येणार नाही. साम्य मोबदल्यात नाही, कामाच्या अमर्यादपणात आहे. नर्सच्या कामाला काठ नाही. वॉर्डात जे दुसऱ्या कोणाचे काम नाही ते तिचे काम. तंत्रज्ञ नसेल तर रक्त तिने काढावयाचे, कारकून नसेल तर नोंदी तिने करावयाच्या, आणि औषध संपले असेल तर नातेवाइकांच्या शिव्याही तिनेच खावयाच्या. पुढच्या पाळीची नर्स आली नाही तर हिची डबल ड्युटी, कारण वॉर्ड मोकळा सोडता येत नाही. कारखान्यातील कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ च्या दुरुस्तीने मिळाली आणि तिच्यामागे मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांचे काम होते. कारखान्यात भोंगा वाजला की यंत्र थांबते. वॉर्डात भोंगा नाही, कारण सेवेला सुट्टी नसते असे आपण मानलेले आहे.

आता तर वतनाच्या जोडीला सालदारकीही आली आहे. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला संपते आणि नवे ठरते. मालकाने ठेवले तर ठेवले. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी नर्सची नेमणूक अकरा महिन्यांची असते, मग खंड देऊन पुन्हा नेमणूक. बाप आखाजीची वाट पाहत असे, मुलगी अकराव्या महिन्याची पाहते. पुढच्या आदेशावर आपले नाव असेल की नाही ही धाकधूक मनात घेऊन ती दुसऱ्याच्या नाडीवर बोट ठेवते. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या विरोधात संप केला, तो याच भीतीपोटी. खाजगी दवाखान्यांची तऱ्हा आणखी निराळी. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला दरमहा किमान २०,००० रुपये वेतन द्यावे अशी शिफारस केली. आपल्या तालुक्यातील दवाखान्यात काय दिले जाते हे वाचकांनी स्वतः विचारून पाहावे.

रुग्णालयात आणखी एक गोष्ट लक्षात येते. तेथे नर्सला 'सिस्टर' म्हणतात, पुरुष नर्सला 'ब्रदर', आयाला 'मावशी' आणि वॉर्डबॉयला 'मामा'. नाते फक्त डॉक्टरशी नाही. तो 'सर' आणि 'साहेब' असतो. ज्याच्या वेळेला किंमत आहे त्याला पदवी आणि ज्याच्या वेळेला किंमत नाही त्याला नाते, अशी ही वाटणी आहे. बहीण म्हटले की तिने तास मोजावयाचे नसतात. सरकारी दप्तरात रुळलेली पदनामेही पाहा : अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. सगळी शिडी परिचर्या आणि सेवा या दोन शब्दांच्या पायऱ्यांनी बांधली आहे. वर चढले तरी शब्द सुटत नाही.

*

आपल्या कलांनी या बाईचे काय केले? मराठी कथा-कादंबरीत ती बहुधा पडद्याआडून येते, इंजेक्शन देते आणि जाते. विनोदी नाटकात ती चेष्टेचा विषय होते. हिंदी सिनेमात ती ख्रिस्ती असते आणि कडक असते. 'आनंद' (१९७१) मधील ललिता पवार यांची मेट्रन वरून कठोर आणि आतून आई आहे. म्हणजे चेष्टा नसेल तर मातृत्व, या दोन टोकांमध्ये तिला जागा नाही.

या संदर्भात 'खामोशी' (१९६९) हा चित्रपट पुन्हा पाहण्यासारखा आहे. असित सेन यांनी आधी बंगालीत 'दीप ज्वेले जाइ' (१९५९) केला आणि तोच पुढे हिंदीत आणला. वहिदा रेहमान यांनी साकारलेली राधा मनोरुग्णालयात नर्स आहे. प्रेमभंगाने वेडा झालेल्या रुग्णाला प्रेमानेच बरे करावयाचे असा प्रयोग तेथील मुख्य डॉक्टर करतो आणि ते प्रेम नर्सने करावयाचे असते. पहिला रुग्ण बरा होऊन निघून जातो. दुसऱ्यासाठी ती आधी नकार देते, नंतर मान तुकवते. शेवटी तीच वेडी होते आणि तिला त्याच खोलीत बंद केले जाते. परिचारिकेचे मन कामामुळे कसे मोडते हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही. परंतु तो पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक काय म्हणतो? बिचारीचे प्रेम खरे होते, असे म्हणतो. तिला कामाचा भाग म्हणून प्रेम करावयास लावले, तिचा पहिला नकार कोणी मानला नाही, प्रयोगाचे यश डॉक्टरचे ठरले आणि प्रयोगाची किंमत तिने मोजली, हे सगळे प्रेमकथेच्या पदराखाली झाकले जाते. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानसुंदरींचा अभ्यास करून असे दाखविले की नोकरीत भावनाही विकाव्या लागतात, हसू हे देखील श्रम असते. असूयेशिवाय सेवा करण्याची अट घालणाऱ्याला हे पूर्वीच ठाऊक होते. फरक इतकाच की विमानसुंदरीला त्या हसण्याचा पगार मिळतो आणि शूद्राला पुण्याचे आश्वासन.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांचे काय झाले तेही पाहावे. क्रिमियाच्या युद्धानंतर त्यांनी आकडे मांडले, आलेख काढले, सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि रोगाने अधिक मरतात हे सरकारला पटविले. आपल्याकडे त्यांच्या हातातला दिवा तेवढा आला. आलेख आला नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनी त्यांच्या नावाने जी प्रतिज्ञा घेत आल्या ती त्यांनी लिहिलेलीच नाही. ती १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झाली, आणि मूळ प्रतिज्ञेत डॉक्टरशी निष्ठेने वागण्याचे वचन होते. पुन्हा तीच आज्ञाधारक शुश्रूषा. त्याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल या कृष्णवर्णीय स्त्रीने परिचारिका म्हणून जाण्याची तयारी दाखविली. तिला नाकारले गेले. ती स्वतःच्या खर्चाने गेली, तिने सैनिकांची काळजी घेतली आणि १८५७ साली आत्मचरित्र लिहून या नकारामागे रंगभेद होता काय असा प्रश्न विचारला. दिव्याची पूजा करणाऱ्या किती संस्थांत तिचे नाव घेतले जाते?

*

स्तुतीचा सर्वांत मोठा दाखला मुंबईचा आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलीत असताना अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथील एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळल्याने तिच्या मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. खटला चालला तो प्राणघातक हल्ल्याचा आणि चोरीचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्यात नव्हता. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली. मुंबईतील परिचारिकांनी संप केला. सुरक्षित कामाची परिस्थिती ही त्यांची मागणी होती. पुढे तिला तेथून हलविण्याचा प्रयत्न झाला तेव्हाही त्याच रस्त्यावर उतरल्या. जवळपास ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळले. १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू झाला.

पिंकी विराणी यांचे पुस्तक १९९८ साली आले, दत्तकुमार देसाई यांचे 'कथा अरुणाची' हे नाटक रंगभूमीवर गाजले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी विराणी यांचा दयामरणाचा अर्ज फेटाळला आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असे ठरविले. त्यांच्या सेवेचा न्यायालयाने गौरव केला आणि तो यथार्थच होता. पण या साऱ्या प्रवासात प्रश्न कसा बदलत गेला हे टीकाकाराने पाहिले पाहिजे. १९७३ साली नर्सेस विचारीत होत्या : आम्ही सुरक्षितपणे काम कसे करावे? २०११ साली देश विचारीत होता : तिने मरावे की जगावे? कामाचा प्रश्न मृत्यूच्या तत्त्वज्ञानात विरघळून गेला. संप विसरला गेला, सेवा लक्षात राहिली.

या प्रकरणात आपल्या वाचकांसाठी एक अवघड गोष्ट आहे. हल्लेखोर सफाई कामगार होता. त्याच्या जातीवरून गुन्ह्याचा अर्थ लावणाऱ्यांना विरोध केला पाहिजे, आणि त्याची जात पुढे करून त्याच्या क्रौर्याला पांघरूण घालणेही आपल्याला शोभणार नाही. येथे बाबासाहेबांचा श्रेणीबद्ध विषमतेचा विचार उपयोगी पडतो. या व्यवस्थेत प्रत्येकाच्या वर कोणी आहे आणि प्रत्येकाच्या खाली कोणी आहे. नर्सने सफाई कामगाराला जाब विचारावयाचा, कारण प्रशासनाने ते काम तिच्यावर सोपविले आहे. परंतु जाब विचारणारीच्या मागे प्रशासन उभे राहत नाही. वरच्याचा अधिकार तिने वापरावयाचा आणि खालच्याचा राग तिने झेलावयाचा. तिच्या ताणाचे हे खरे स्थान आहे.

*

इझाबेल मेन्झिस यांनी १९६० साली लंडनच्या एका रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यू आणि वेदना सतत पाहून येणारी भीती टाळण्यासाठी रुग्णालयाने काम असे तुकडे पाडून वाटले होते की नर्सला माणूस दिसूच नये. खाट क्रमांक दिसावा, अवयव दिसावा. भीती त्याने कमी झाली नाही, वाढली. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ साली कामाने जळून गेलेल्या मनाची तीन लक्षणे मोजण्याची पद्धत दिली : भावना आटणे, समोरच्या माणसाला वस्तू समजणे आणि आपल्या कामाला अर्थ नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात या अवस्थेला रोग म्हटलेले नाही. ती कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था आहे असे म्हटले आहे. म्हणजे दोष मनात शोधू नका, कामात शोधा.

परंतु लंडन आणि अमेरिकेच्या या अभ्यासांत एक गोष्ट नाही. समोरच्या माणसाला वस्तू समजणे हे लक्षण असेल, तर ते सर्व रुग्णांच्या बाबतीत सारखे दिसले पाहिजे. आपल्या वॉर्डात ते तसे दिसत नाही. त्या रात्री व्यापाऱ्याच्या घरची बाईही कळांनी ओरडत होती. तिच्यावर नर्स खेकसली नाही. थकवा दोघींच्या वेळी तोच होता. तो कोणावर काढावयाचा हे जातीने आधीच ठरवून ठेवले होते. उतारावरून पाणी जसे जाते तसा तो खाली गेला. आणि ज्या मुलीचा बाप सालदार होता तिच्या तोंडून तो भिल्ल बाईपर्यंत पोहोचला. ताण होता म्हणून हे क्षम्य ठरत नाही. त्या भिल्ल बाईचा अपमान हा अपमानच होता. पण केवळ त्या नर्सला शिक्षा केली असती तर दुसऱ्या रात्री दुसरी नर्स त्याच टेबलावर बसली असती आणि वॉर्ड दोनच राहिले असते.

जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात कोरोनाची लागण झालेली ८२ वर्षांची एक वृद्धा बेपत्ता झाली आणि आठवड्याहून अधिक काळाने तिचा मृतदेह तेथील स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. देशभर लाज वाटली आणि ती वाटलीच पाहिजे होती. त्याच महिन्यांत आपण टाळ्या आणि थाळ्या वाजवून नर्सेसना 'योद्धा' म्हणत होतो. योद्धा हा शब्दही तपासावा. योद्ध्याने मरणे अपेक्षित असते. त्याच्या मरणाची चौकशी होत नाही, त्याला हार घालतात. ज्या वर्षाला जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते त्याच वर्षी हे घडत होते.

आपल्या चळवळीनेही येथे स्वतःकडे पाहिले पाहिजे. दलित वा आदिवासी रुग्णाची हेळसांड झाली की आपण जातो, घोषणा देतो, आणि आपला मोर्चा नर्सच्या टेबलाशी थांबतो. कारण ती समोर असते. रिक्त पदांची फाइल ज्याच्या टेबलावर आहे तो समोर नसतो. रुग्णालयातील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. आपण तो मोडत नाही असे म्हटले तरी त्या टेबलावर आपटलेला हात तिच्या मनात राहतोच. आणि त्या वॉर्डात 'कोट्यातून आलेली' हा टोमणा तिला सहकाऱ्यांकडून रोज ऐकावा लागत असतो, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

साहित्यातही हीच पोकळी आहे. शांताबाई कांबळे आणि कुमुद पावडे यांच्या आत्मकथनांतून शिकून शिक्षिका, प्राध्यापिका झालेली दलित स्त्री आपल्याला ठसठशीत भेटली. नर्स झालेली दलित स्त्री तशी भेटली नाही. शाळेत जातीचा स्पर्श खडूच्या अंतरावरून होतो. वॉर्डात तो थेट शरीराला होतो. जिच्या आजीच्या सावलीचा विटाळ मानला जाई, तिने सवर्ण रुग्णाचे मलमूत्र काढावयाचे, आणि तोच रुग्ण बरा झाल्यावर तिने दिलेले पाणी घेताना थबकतो, हा अनुभव कोणत्या कथेत आला आहे? तो लिहिला गेला पाहिजे, आणि तो त्यांनीच लिहिला पाहिजे.

*

मग सेवा हा शब्द टाकूनच द्यावयाचा काय? १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घालून तेथे आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही शुश्रूषा मनूच्या शुश्रूषेच्या बरोबर उलट आहे. ती खालच्याने वरच्याची केलेली नाही, आज्ञेने केलेली नाही. अस्पृश्य मुलाचे शरीर पाठीवर घेणे हा त्या काळी जातीविरुद्ध केलेला उठाव होता. परंतु सावधगिरी येथेही हवी. सावित्रीबाईंनाही त्यागमूर्ती करून भिंतीवर टांगले की झाले, आणि उद्या त्यांच्याच नावाने नर्सला सांगितले जाईल की, बघ, त्यांनी प्राण दिले, तू डबल ड्युटीला रडतेस. सावित्रीबाईंनी स्वतः निवडलेले मरण नोकरीची अट होऊ शकत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. रिक्त पदे भरावीत आणि मानकाप्रमाणे नर्स नेमाव्यात. अकरा महिन्यांची सालदारकी बंद करावी. नर्सचे काम कोणते आणि कोणते नाही हे लेखी ठरावे. रात्रपाळीला येण्या-जाण्याची सोय असावी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील समिती फलकावर न राहता खरोखर बसावी. जातीवरून झालेल्या अपमानाची तक्रार रुग्णालाही करता यावी आणि नर्सलाही. यांपैकी एकही गोष्ट ध्यानधारणेने मिळत नाही, शाल आणि श्रीफळाने मिळत नाही.

शेवटी त्या अर्जाविषयी. मी तो इंग्रजी तारीख घालून, नीट अक्षरात लिहिला होता. त्यात त्या नर्सचे नाव होते, तिने उच्चारलेले शब्द होते, भिल्ल बाईची खाट कोणती हेही होते. पुढे तिची बदली झाली असे कळले. त्या अर्जात जे लिहिले ते खोटे नव्हते. पण दोन वॉर्डांना रात्री एकच नर्स का होती, हा प्रश्न मी त्यात विचारला नव्हता. ती बाकावर येऊन बसली आणि जीव थकला म्हणाली, तेही लिहिले नव्हते. तो अर्ज आज लिहावयाचा झाला तर मी त्या दोन गोष्टी आधी लिहीन, आणि सही करण्यापूर्वी तो तिला वाचून दाखवीन.